सुरांची साक्ष

कलेचा इतिहास पडद्यावर मांडताना संगीत अलंकार म्हणून येते की साक्षीदार म्हणून? १९६९ साली बीबीसी दूरचित्रवाणीवर केनेथ क्लार्क यांची ‘सिव्हिलायझेशन’ ही १३ भागांची माला झाली. अठराव्या शतकावरील भागात नॉयमानने उभारलेले प्रार्थनामंदिर दिसते, बाख-मोत्सार्ट ऐकू येतात. एकाच युगाचे मन दगडात आणि सुरांत उमटलेले आढळते. पण सूर भुलवितोही. पुढील एका भागात बेथोव्हेनच्या ‘फिडेलिओ’तील बंदिवानांचे समूहगान येते. ते नुसते मधुर वाटेल. परंतु ही संगीतिका १८०५ साली व्हिएन्नात प्रथम रंगली, तेव्हा शहर नेपोलियनच्या सैन्याच्या ताब्यात होते. हे कळताच तेच गान इतिहास सांगू लागते. कोठे, केव्हा, कोणासमोर, हे सांगितल्याविना सुरांची साक्ष अपुरीच राहते.