पेशीपटल

पेशीभोवतीचे सुमारे ७ ते ८ नॅनोमीटर जाडीचे लवचीक वेष्टन. शालेय पुस्तकांत यालाच प्रद्रव्यपटल म्हणतात. त्याची रचना उमगली ती मुख्यतः तांबड्या रक्तपेशींमुळे. माणसाच्या या पेशीत केंद्रक नाही, आतली इतर पटलेही नाहीत. हाती लागते ते बाहेरचेच पटल. १९२५ मध्ये गॉर्टर व ग्रेंडेल यांनी रक्तपेशींतील मेद पाण्यावर पसरवला. तो पेशींच्या पृष्ठफळाच्या दुप्पट जागा व्यापत होता, म्हणजे पटल दुपदरी. त्यांच्या मोजणीत दोन चुका होत्या, पण त्यांनी एकमेकींना खोडून काढले आणि निष्कर्ष बरोबर निघाला. फॉस्फोलिपिडांची जलस्नेही डोकी दोन्ही बाजूंच्या पाण्याकडे आणि शेपट्या आत, अशी ही मांडणी असते. तिच्यात प्रथिने तरंगत असतात, हे चित्र सिंगर व निकोलसन यांनी १९७२ मध्ये मांडले.

ऑक्सिजन व कार्बन डायऑक्साइड सहज आरपार जातात. आयनांना व ग्लुकोजला प्रथिनांची वाट लागते. सोडियम-पोटॅशियम पंप ऊर्जा खर्चून ३ सोडियम आयन बाहेर काढतो आणि २ पोटॅशियम आयन आत घेतो.

हा तोल ढळला की काय होते, हे सिकलसेल आजारात दिसते. जबलपूरभोवतीच्या गोंड व इतर आदिवासी समाजांत, तसेच विदर्भातही तो आढळतो. मूळ दोष हिमोग्लोबिनात; सोसावे लागते पटलाला. ऑक्सिजन कमी पडला की बिघडलेले हिमोग्लोबिन दांड्यांसारखे जुळते, पटल ताणले जाते व कॅल्शियम आत शिरते. त्याने गार्डोस मार्ग उघडतो. पोटॅशियम बाहेर पडते, मागोमाग पाणीही. पेशी सुकते, आतले हिमोग्लोबिन दाट होते आणि आणखी वेगाने जुळते. रुग्णाने भरपूर पाणी प्यावे, असे डॉक्टर सांगतात त्यामागे हेही एक कारण आहे.

जबलपूर शहरात १९८४ पासून आदिवासी आरोग्यावर संशोधन करणारी आयसीएमआरची संस्था आहे. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेचा आरंभही मध्य प्रदेशातच, शहडोल येथे १ जुलै २०२३ रोजी झाला. चाळणीसाठी वापरतात त्या सॉल्युबिलिटी चाचणीत पटल मुद्दाम फोडले जाते. ते काम सॅपोनिन करते. रिठ्याचा फेसही सॅपोनिनांचाच. मोकळे झालेले सिकल हिमोग्लोबिन द्रावण गढूळ करते. मात्र गढूळपणावरून वाहक कोण आणि रुग्ण कोण हे ठरत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणी करून घ्यावी.