उडीद बुडेल एवढे पाणी

आचमनाला पाणी किती घ्यावे, याचे माप माझ्या आजोबांनी मला मुंजीनंतर शिकविले होते: तळहातावर उडदाचा दाणा बुडेल एवढे. पुढे ज्या व्यवसायात माझा जन्म गेला, त्यात मात्र उडीद बुडविणारे पाणी म्हणजे समुद्रच! आम्हांला थेंबाचाही पाचवा, दहावा, कधी पन्नासावा हिस्सा मोजून उचलावा लागे. एका लिटरचे दहा लाख भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे मायक्रोलिटर. आणि पाण्याचा साधा थेंब असतो सुमारे ५० मायक्रोलिटरचा. एवढेसे द्रव माणसाने कशाने उचलले, त्याची ही हकीकत आहे.

१९७४ साली मी एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत नोकरीस लागलो, तेव्हा याचे उत्तर सोपे होते: तोंडाने. रेघा आखलेली काचेची बारीक नळी, म्हणजे पिपेट, ओठांत धरायची, रोग्याचे सीरम रेघेपर्यंत ओढायचे आणि चटकन वरचे तोंड बोटाने दाबायचे. आमचे वरिष्ठ, ज्यांना आम्ही सारे मास्तर म्हणत असू, या कामात मोठे वाकबगार होते. “नजर रेघेवर आणि जीभ मागे,” एवढाच त्यांचा गुरुमंत्र.

एके दिवशी त्यांची नजर क्षणभर ढळली आणि काविळीच्या एका रोग्याचे सीरम त्यांच्या तोंडात गेले. त्यांनी खळखळून चुळा भरल्या आणि माझ्याकडे वळून ते म्हणाले, “वहीत लिहू नकोस. उगाच बोभाटा होतो.” मी लिहिले नाही. अडीच महिन्यांनी मास्तरांचे डोळे पिवळे झाले. ती कावीळ कोठून आली, हे कोणी सिद्ध केले नाही. कोणी विचारलेही नाही. चार महिन्यांनी ते परत आले, ते निम्मे होऊन. आणि आल्या आल्या त्यांनी तीच काचेची नळी ओठांत धरली, कारण दुसरी सोय नव्हती.

दुसरी सोय नव्हती, असे तेव्हा मला वाटत होते. खरी गोष्ट निराळी होती, हे मला फार उशिरा कळले. तोंडाने ओढण्यातला धोका तर जुनाच होता. १८९३ सालीच एका डॉक्टराच्या तोंडात पिपेटमधून टायफॉइडचे जंतू गेल्याची नोंद झालेली आहे. त्यावरचा उपाय निघाला जर्मनीतल्या मारबुर्ग गावी, १९५७ साली. तेथील विद्यापीठात हाइनरिख श्निट्गर नावाचा तरुण संशोधक होता. दिवसभर नळीने थेंबांचे थेंब उचलण्याचे काम त्याच्या वाट्याला आले आणि तो कंटाळला. आपण कंटाळलो की चहा पितो. हा गृहस्थ यंत्र करावयास बसला! त्याने पिचकारीच्या दट्ट्याला स्प्रिंग लावली, पुढे प्लॅस्टिकचे काढघाल करता येणारे टोक बसविले, आणि दट्ट्या व द्रव यांच्यामध्ये हवेची उशी ठेवली. द्रव टोकातच राहते, यंत्राला शिवत नाही. दुसरी एक स्प्रिंग टोकात चिकटलेला शेष झटकून टाकते. १९६१ पासून हँबुर्गच्या एका कंपनीने, जी आज एपेनडॉर्फ या नावाने प्रसिद्ध आहे, ही पिपेट बाजारात आणली. श्निट्गर मात्र १९६४ साली एका सरोवरात पोहताना दगावला. पुढे १९७२ च्या सुमारास अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये वॉरन गिल्सनने माप कमीजास्त करता येणारी पिपेट केली, आणि एका दांडीत अनेक मापे आली.

म्हणजे मास्तरांच्या तोंडात ते सीरम गेले, तेव्हा त्यावरचा उपाय जगात विकत मिळत होता! आमच्या टेबलावर तो यावयास १९८३ साल उजाडले.

नवी पिपेट मास्तरांनी नव्या सुनेसारखी जपली. दट्ट्या आधी पहिल्या अडीपर्यंत दाबावा, मग टोक जेमतेम दोनतीन मिलिमीटर बुडवावे, उभे धरावे, अंगठा हळू सोडावा, ओतताना मात्र दुसऱ्या अडीपर्यंत दाबावे. अंगठा झटकन सोडला तर द्रव उसळून आत शिरते. पिपेट मुठीत फार वेळ धरली तर हाताच्या उबेने आतली हवा फुगते आणि माप चुकते. एवढे सारे त्यांनी मला शिकविले, आणि तरीही एका घाईच्या सकाळी मी टोकात सीरम असतानाच पिपेट टेबलावर आडवी ठेवली. सीरम आत ओघळले. मी बोललो नाही.

दोन दिवसांनी मास्तरांनी नेहमीप्रमाणे तपासणी घेतली. १०० मायक्रोलिटर शुद्ध पाण्याचे वजन जवळजवळ १०० मिलिग्रॅम भरले पाहिजे. तराजूने दाखविले ९१. मी कबुली दिली. त्यांनी दोन दिवसांचे सारे नमुने बाहेर काढून पुन्हा तपासले. एका बाईंची साखर आम्ही खऱ्यापेक्षा कमी कळविली होती. मास्तर स्वतः वॉर्डात जाऊन डॉक्टरांना ते सांगून आले. परत येऊन एवढेच म्हणाले, “या यंत्राने आपले तोंड वाचले रे. रोग्याला वाचवायचे काम अजून आपल्याकडेच आहे. या खेपेला वहीत लिही.”

मी लिहिले.

दर खंडेनवमीला आमच्या प्रयोगशाळेत उपकरणांना हळदकुंकू वाहत असत. मास्तर त्या दिवशी फूल वाहण्याआधी पिपेट स्वच्छ पुसून, पाणी तोलून, आकडा वहीत मांडीत. ते निवृत्त झाल्यावर ती पूजा माझ्याकडे आली. मी नोकरी सोडली, तोवर एकाही वर्षी ती चुकली नाही.