नैनीतालचे नाले

कुमाऊंच्या पहाडांत सहा हजार फुटांहून अधिक उंचीवर नैनीताल हें गांव वसलेलें आहे. गांवाच्या मध्यभागीं तलाव आहे. त्याची लांबी मैलाहून थोडी कमी, आणि खोली सर्वांत खोल ठिकाणीं सुमारें ९० फूट. वरच्या टोकाच्या वस्तीस मल्लीताल व खालच्या टोकाच्या वस्तीस तल्लीताल म्हणतात. येणारा प्रवासी तलाव पाहतो, नावेंत बसतो आणि समाधानानें परत जातो. डोंगरावरून तलावाकडे उतरणारे दगडी नाले मात्र सहसा कोणाच्या नजरेस पडत नाहींत. या गांवाचा खरा इतिहास त्या नाल्यांत आहे.

भोंवतालच्या खेड्यांतील लोक हा तलाव नयनादेवीचें पवित्र स्थान मानीत. वर्षांतून एकदां तेथें जत्रा भरे. पण कांठावर कायमची वस्ती कोणी करीत नसे. १८४१ मध्यें शहाजहानपूरचा साखरेचा व्यापारी बॅरन तेथें पोंचला व जागेच्या मोहांत पडला. जमिनीवर हक्क सांगणाऱ्या नरसिंह नांवाच्या स्थानिक मालकास नावेंत बसवून तलावाच्या मध्यावर नेलें, आणि बुडविण्याचा धाक घालून त्याच्याकडून हक्क लिहून घेतला, अशी हकीकत प्रसिद्ध आहे. पुढें बंगले उठले, १८४५ मध्यें नगरपालिका झाली. घरांसाठीं उतार कापले गेले आणि लांकडासाठीं झाडें पडलीं.

या डोंगरांचा दगड मात्र भरंवशाचा नव्हे. उत्तरेकडील ‘शेर का डांडा’ या कड्याच्या उतारावर ठिसूळ पाटीचा दगड आहे. पावसाचें पाणी त्याच्या भेगांत शिरलें म्हणजे थर सैल होतात, माती जड होते, आणि एखाद्या क्षणीं सारा उतारच खालीं घसरतो. १८६६ मध्यें अल्मा टेकडीवर दरड कोसळून पहिली सूचना मिळाली होती. तिचा पुरता बोध झाला नाहीं.

१८८० च्या सप्टेंबरांत संततधार लागली. १८ तारखेस, शनिवारीं सकाळीं, व्हिक्टोरिया हॉटेलच्या मागें एक लहान दरड पडून कांहीं माणसें गाडलीं गेलीं. त्यांना काढण्यासाठीं अधिकारी, शिपाई व मजूर धांवले. खणण्याचें काम चालू असतांच दुपारीं वरचा मोठा उतार सुटला. हॉटेल, देवीचें देऊळ, सभागृह आणि खणणारी माणसें हीं सर्व कांहीं क्षणांत मातीखालीं गेलीं. एकूण १५१ माणसें मेलीं. त्यांपैकीं १०८ हिंदी व ४३ युरोपीय होतीं. दुसऱ्यास वांचविण्यासाठीं गेलेले कितीएक त्यांत होते. देऊळ १८८३ मध्यें पुन्हा बांधलें गेलें. ढिगाऱ्यानें तलावाचा वरचा कांठ भरून जें मैदान विस्तारलें, त्याच मैदानावर आज मुलें खेळतात.

या आघातानें गांव शहाणें झालें. पाणी मातींत मुरूं न देतां सरळ तलावांत नेलें पाहिजे, हें सूत्र ठरलें. उतारांवर दगडांनीं बांधलेल्या नाल्यांचें जाळें पसरविण्यांत आलें. मुख्य नाल्यांस आडवे लहान नाले जोडले गेले. नाल्यांस क्रमांक मिळाले. आजही ते क्रमांकांनींच ओळखले जातात. धोक्याच्या उतारांवर घर बांधण्यास व झाड तोडण्यास निर्बंध आले. तल्लीतालच्या बांधावरील दरवाजे उघडून तलावाची पातळी आंवरतां येई. तरीही संकट टळलें असें नव्हे. १८९८ च्या ऑगस्टांत, तलावाचें पाणी ज्यांतून वाहून जातें त्या बलिया नाल्याच्या खोऱ्यांत, दरडीखालीं २८ माणसें दगावलीं. पण गांवाच्या मुख्य उतारावर १८८० सारखा प्रलय पुन्हा झाला नाहीं, याचें मोठें श्रेय त्या दगडी नाल्यांकडे जातें.

नाला बांधून काम संपत नाहीं. पावसाळ्यापूर्वीं त्यांतील गाळ काढावा लागतो, निसटलेला दगड पुन्हा बसवावा लागतो. हें काम कोणाच्या डोळ्यांत भरत नाहीं. धोक्याची आठवण बुजली, तसें नाल्यांवर अतिक्रमण झालें, बांधकामाची माती त्यांत टाकली जाऊं लागली, आणि घाण पाणीही त्यांच्याच वाटेनें तलावांत उतरूं लागलें. अशा वेळीं इतिहासाचे एक प्राध्यापक डॉ. अजयसिंह रावत यांनीं सर्वोच्च न्यायालयाकडे दाद मागितली. १९९५ च्या निकालानें तलावांत सांडपाणी जाऊं नये, नाल्यांवर बांधकामाचें सामान रचूं नये, गांवांत मोठ्या बहुमजली इमारती उठूं नयेत, असें बजावलें. शंभर वर्षांपूर्वीं गांवानें जें स्वतः ओळखलें होतें, तें न्यायालयास पुन्हा सांगावें लागलें.

तलावाच्या तळचें पाणी निर्जीव होऊं लागलें, म्हणून २००७ पासून यंत्रांनीं तळाशीं हवा सोडण्यांत येऊं लागली. २०१७ च्या उन्हाळ्यांत पातळी इतकी घसरली कीं कांठाची कोरडी माती उघडी पडली. याचें एक कारण वरच्या बाजूस असलेल्या सूखातालांत सांपडतें. हें तळें पावसाळ्यांत भरतें, नंतर आटतें, आणि त्यांत मुरलेलें पाणी जमिनीखालून नैनीतालास मिळतें. तेथें भराव व बांधकाम झालें, कीं हा गुप्त झराच बुजतो. उतारावरचें पाणी वाहून गेलें पाहिजे, आणि सूखातालाचें पाणी मुरलें पाहिजे. या दोहोंचा तोल संभाळणें हेंच या गांवाचें जीवन आहे. २०१८ च्या ऑगस्टांत तलावाकांठच्या खालच्या माल रस्त्याचा एक भाग खचून पाण्यांत गेला. बलिया नाल्याच्या ढासळत्या कडेवरील कुटुंबांना घरें सोडून जावें लागलें. तीं कांहीं बंगल्यांत राहणारीं माणसें नव्हतीं.

निसर्गाचें रक्षण म्हणजे वृक्षारोपणाचा एक दिवस, अशी समजूत पुष्कळांची असते. नैनीतालची शिकवण याहून साधी व कठीण आहे. आपल्या अंगणांतील माती शेजारच्या नाल्यांत न टाकणें, आणि पाऊस नसतांही नाला साफ ठेवणें, हें तेथील प्रत्येक घराचें काम आहे. वरच्या घरानें केलेल्या हयगयीचें फळ खालच्या घरास भोगावें लागतें. १८८० सालीं जीं माणसें दुसऱ्यांस काढण्यासाठीं मातींत हात घालून उभीं होतीं, त्यांचें खरें स्मारक म्हणजे वाहता, मोकळा नाला.