आयर्लंडचा चव्हाटा

१९०३ सालच्या जुलै महिन्याची २ तारीख. आयर्लंडमधील किल्डेअर परगण्यात बॅलिशॅनन नावाचा एक साधा चव्हाटा आहे. भोवती कुरणे, मेंढरे आणि तुरळक घरे. त्या दिवशी सकाळी सात वाजता या चव्हाट्यावरून हिरव्या रंगाची एक मोटारगाडी धूळ उडवीत सुटली. सात मिनिटांनी दुसरी, आणखी सात मिनिटांनी तिसरी. अशा बारा गाड्या सुटल्या. तीन इंग्लंडच्या, तीन फ्रान्सच्या, तीन जर्मनीच्या आणि तीन अमेरिकेच्या. ज्या शेतकऱ्यांनी तोवर मोटार क्वचितच पाहिली होती ते दगडी कुंपणांवर आणि गवताच्या गंज्यांवर चढून बसले होते. जगातील अव्वल दर्जाची मोटार शर्यत त्यांच्या दारावरून चालली होती आणि ती पाहावयास तिकीट नव्हते.

ही शर्यत आयर्लंडच्या वाट्याला आली ती इंग्लंडच्या अडचणीमुळे. 'न्यूयॉर्क हेरल्ड' पत्राचे मालक जेम्स गॉर्डन बेनेट यांनी एक चषक ठेवला होता. १९०० पासून त्यासाठी राष्ट्राराष्ट्रांमध्ये चढाओढ चाले, आणि नियम असा होता की जो देश चषक जिंकेल त्याने पुढची शर्यत आपल्या भूमीवर भरवावी. १९०२ मध्ये सेल्विन एज या चालकाने नेपियर गाडीतून तो चषक इंग्लंडला मिळवून दिला आणि इंग्लंडची पंचाईत झाली. १८९६ च्या कायद्याप्रमाणे तेथील रस्त्यांवर ताशी १४ मैलांहून अधिक वेगाने गाडी हाकणे हा गुन्हा होता. चषक तर हाती आला, पण तो राखण्यासाठी धावायचे कोठे? तेव्हा इंग्रजी राज्याखाली असलेल्या आयर्लंडकडे दृष्टी वळली. तेथे रस्ते सरळ, जमीन सपाट आणि वस्ती विरळ. लंडनच्या ऑटोमोबाइल क्लबाने आयरिश प्रतिनिधींना, वृत्तपत्रांना, नगरपालिकांना आणि खाणावळवाल्यांना पत्रांवर पत्रे धाडली. एरवी इंग्रज सरकारच्या प्रत्येक विधेयकाची चिरफाड करणाऱ्या आयरिश सदस्यांनी या एका विधेयकाला मात्र पाठिंबा दिला, आणि १९०३ च्या मार्चमध्ये खास आयर्लंडपुरता कायदा होऊन शर्यतीसाठी सार्वजनिक रस्ता बंद करण्याची सोय झाली. गरीब देशाला चार पाहुणे आणि चार पैसे हवे होते, हे त्यामागचे उघड कारण. पण जगाने एकदा आपल्याकडे दुष्काळ आणि दंगे सोडून दुसऱ्या कशासाठी तरी पाहावे, ही इच्छाही त्यात नसेल असे म्हणवत नाही.

काळजीचे कारणही होते. अवघ्या पाच आठवड्यांपूर्वी, मे महिन्यात, पॅरिस ते माद्रिद ही शर्यत चालक आणि प्रेक्षक यांच्या मृत्यूंमुळे बोर्दो येथेच थांबवावी लागली होती. रेनो कारखान्याच्या संस्थापक बंधूंपैकी मार्सेल रेनो तीत प्राणास मुकले. म्हणून आयर्लंडमध्ये एका गावाहून दुसऱ्या गावी धावण्याऐवजी आठच्या आकड्यासारखा बंदिस्त मार्ग आखण्यात आला आणि त्यावर पोलिसांचा कडक पहारा बसला. किलकलन, किल्डेअर, स्ट्रॅडबॅली, अथाय, कार्लो ही गावे वाटेत लागत. गावाची वेस आली की गाडीने वेग सोडायचा आणि पुढे चालणाऱ्या सायकलस्वाराच्या मागोमाग निमूटपणे गाव ओलांडायचे. तेवढा वेळ हिशेबातून वजा होई. ताशी साठ-सत्तर मैलांनी आलेले ते गुरगुरणारे यंत्र सायकलीमागे वासरासारखे चालताना गावकऱ्यांना किती मौज वाटली असेल, याची कल्पना करता येते.

शर्यत एकूण ३२७ मैलांची होती. ती जिंकली कामीय जेनात्झी या तांबड्या दाढीच्या बेल्जियन चालकाने, जर्मनीच्या मर्सिडीज गाडीतून. या विजयाची हकीकत कादंबरीला शोभेल अशी आहे. शर्यतीसाठी बांधलेल्या ९० अश्वशक्तीच्या गाड्या कान्स्टाट येथील कारखान्याला लागलेल्या आगीत जळून गेल्या होत्या. तेव्हा एका धनिक अमेरिकन गिऱ्हाइकाची ६० अश्वशक्तीची गाडी मागून आणून तीच शर्यतीत उतरविण्यात आली. जेनात्झीने सुमारे ६ तास ३९ मिनिटांत, ताशी जवळजवळ ४९ मैलांच्या सरासरीने अंतर कापले. इंग्लंडचा चार्ल्स जॅरट स्ट्रॅडबॅलीजवळ उलटला आणि त्याच्या गळ्याजवळचे हाड मोडले. यजमानांचा चषक गेला.

इंग्लंडकडे एक गोष्ट मात्र उरली, ती म्हणजे हिरवा रंग. त्या काळी प्रत्येक देशाच्या गाड्यांचा रंग ठरलेला असे. फ्रान्सचा निळा, जर्मनीचा पांढरा, अमेरिकेचा तांबडा. इंग्रजांच्या निशाणातील तिन्ही रंग असे इतरांकडे गेले होते. यजमान भूमीचा मान म्हणून इंग्लंडने आयर्लंडचा हिरवा रंग घेतला, अशी कथा सर्वत्र सांगितली जाते. ती सर्वस्वी खरी मानण्याचे कारण नाही. एजची १९०२ ची नेपियरही हिरवीच होती. तथापि आयर्लंडच्या त्या शर्यतीनेच हा रंग इंग्लंडच्या नावावर कायमचा चढला, एवढे निश्चित. पुढे साठ वर्षे इंग्रजी गाड्या जगभर ज्या हिरव्या रंगात धावल्या, त्याची ओळख आयरिश मातीत पटली.

आता याच वर्षाची दुसरी गोष्ट. हिचे स्थळ आयर्लंडपासून हजारो मैल दूर, शिकागो शहर. फ्रान्सिस ओनील हा कॉर्क परगण्यातील ट्रॅलिबेनचा मुलगा १८४८ मध्ये जन्मला, कोवळ्या वयात जहाजावर चढला आणि फिरत फिरत शिकागोच्या पोलिसांत शिरून १९०१ मध्ये तेथील पोलीसदलाचा प्रमुख झाला. बासरीचा त्याला नाद होता. शिकागोत आयर्लंडच्या परगण्यापरगण्यांतून आलेले वादक राहत. ते फिडल वाजवीत, बासरी वाजवीत आणि उलियन पाइप, म्हणजे तोंडाने न फुंकता कोपराने भाता दाबून वाजवायचे आयरिश मशकवाद्य, तेही वाजवीत. ओनील अशा वादकांचा पाठपुरावा करी. त्यांतील कित्येकांना त्याने पोलिसांत चाकरी मिळवून दिली. तो कानाने चाल टिपून लक्षात ठेवी, पण त्याला स्वरलेखन येत नसे. ते काम त्याच्याच दलातील जेम्स ओनील या फिडलवादकाने केले. या खटाटोपातून १९०३ मध्ये १८५० चालींचा 'म्युझिक ऑफ आयर्लंड' हा ग्रंथ बाहेर पडला. दारिद्र्याने देशाबाहेर लोटलेल्या माणसांच्या बोटांत जे उरले होते ते एका फौजदाराने कागदावर उतरविले. आयर्लंडमधील वादक आजही चालीविषयी वाद पडला की या ग्रंथमालेचा दाखला देतात.

मायदेशी या चालींचे घर होते ते चव्हाटा. कोकणात आणि गोव्यात चव्हाटा म्हणजे केवळ चार वाटांचे मिळणे नव्हे. तेथे शिमगा खेळतो, तेथे गाव जमतो. आयर्लंडमध्येही उन्हाळ्यातील रविवारी संध्याकाळी तरुण मुलेमुली चव्हाट्यावर जमत, एखादा फिडलवाला कुंपणावर बसे आणि नाच सुरू होई. हिवाळ्यात हाच मेळा कोणाच्या तरी स्वयंपाकघरात भरे. धर्मगुरूंना हे पसंत नव्हते. स्त्री-पुरुषांनी रात्री एकत्र नाचावे यात त्यांना पाप दिसे. स्वतंत्र झालेल्या आयर्लंडच्या सरकारने त्यांचे ऐकून १९३५ मध्ये सार्वजनिक नृत्यगृहांचा कायदा केला आणि नाचासाठी न्यायालयाचा परवाना आवश्यक ठरविला.

या कायद्यात चव्हाट्याचा किंवा स्वयंपाकघराचा उल्लेखही नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. परंतु गावचा पोलीस आणि गावचा पाद्री यांनी त्याचा जो अर्थ लावला तोच व्यवहारात कायदा झाला. घरगुती नाचांवर धाडी पडल्या. क्लेअर परगण्यातील थोर फिडलवादक ज्युनियर क्रीहन हे या कायद्याने खेड्यातील संगीत कसे मुके झाले ते वृद्धपणीही खेदाने सांगत. परक्या राज्याने १९०३ मध्ये आयरिश माणसाचा रस्ता खेळासाठी मोकळा करून दिला आणि स्वराज्याने बत्तीस वर्षांनी त्याच रस्त्यावरचा नाच उठविला, असा हा विपरीत योग आहे.

मोटारींचे तेव्हा बरे चालले होते. १९२१-२२ च्या फाळणीनंतर उत्तर आयर्लंडच्या नव्या विधिमंडळाने १९२२ मध्येच रस्त्यावरील शर्यतींना परवानगी देणारा कायदा केला. १९२८ पासून बेलफास्टजवळच्या आर्ड्‌स येथे टूरिस्ट ट्रॉफी सुरू झाली. काराचिओला आणि नुव्होलारी यांच्यासारखे चालक तेथे जिंकले आणि लाखो लोक रस्त्याच्या कडेला उभे राहिले. दक्षिणेत डब्लिनच्या फीनिक्स पार्कमध्ये १९२९ ते १९३१ आयरिश ग्रां प्री झाली. पण कडेला उभे राहणे फुकट असले तरी निर्धोक नव्हते. १९३६ मध्ये पावसाने निसरड्या झालेल्या रस्त्यावर न्यूटाउनार्ड्‌स गावात एक गाडी गर्दीत शिरली आणि आठ प्रेक्षक ठार झाले. आर्ड्‌सची शर्यत तेथेच संपली.

संगीत रस्त्यावर परत आले ते १९५१ मध्ये. डब्लिनच्या टॉमस स्ट्रीटवरील पाइपवादकांचा क्लब आणि मलिंगार गावची मंडळी यांनी मिळून एक संस्था काढली, तिचे नाव कोल्तस क्योल्तोरी एरन; अर्थ आयर्लंडच्या वादकांचा संघ. त्याच वर्षी मे महिन्यात मलिंगारला पहिला संगीतमेळा, 'फ्ला क्योल', भरला. प्रथम काहीशे लोक आले. स्पर्धा सभागृहांत होत. खरा मेळा बाहेर पदपथावर आणि पानगृहांत रंगे. कोनाकोपऱ्यांतील खेड्यांत एकटे वाजवीत बसलेले म्हातारे एकमेकांना प्रथमच भेटले आणि आपलीच चाल शंभर मैलांवर दुसऱ्या वळणाने वाजते हे ऐकून चकित झाले. या बैठकींची रीत अशी की वादक गोल बसतात, कोणी व्यासपीठावर नसते, आणि चाल ठाऊक असेल तर नवख्यानेही वाद्य काढून सामील व्हावे. चाल ठाऊक नसेल तर मात्र गप्प बसावे! १९६३ पर्यंत गर्दी एवढी वाढली की मलिंगारच्या मेळ्यात धिंगाणा झाला आणि जाणत्या वादकांनी नाके मुरडली. पण मेळा टिकला. २०१३ मध्ये तो प्रथमच सीमा ओलांडून उत्तरेतील डेरी शहरी भरला. तीस वर्षे बंदुका चाललेल्या त्या शहराच्या रस्त्यांवर दोन्ही पंथांचे लोक फिडल ऐकत उभे होते.

मोटार आणि संगीत यांची गाठ एकाच माणसात पाहावयाची असेल तर डब्लिनच्या एडी जॉर्डनचे नाव घ्यावे लागते. १९४८ मध्ये जन्मलेल्या या माणसाने १९९१ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये आपला संघ उतरविला. गाडी हिरवी होती. देशाभिमान होताच, पण एका सरबताच्या कंपनीचा पैसाही त्या रंगामागे होता. जॉर्डन स्वतः ढोल वाजवी. सिल्व्हरस्टोनची शर्यत संपली की मैदानातच जलसा मांडून तो चालकांनाही वाजवायला बसवी. त्याचे संगीत रॉकचे होते, फ्ला क्योलचे नव्हे. पण यंत्रांच्या आणि कोट्यधीशांच्या त्या जगात चार माणसे जमवून वाजवीत बसण्याची खोड त्याने घरूनच नेली असावी. मार्च २०२५ मध्ये तो वारला.

आयर्लंडच्या सामान्य माणसाचा जीव मात्र मोटारसायकलीच्या शर्यतींत गुंतला आहे, कारण त्या अजून गावच्या रस्त्यावर होतात. अँट्रिम परगण्यातील बॅलिमनीचा जोई डनलॉप हा त्यांचा लाडका. मितभाषी माणूस, गावात त्याचे एक पानगृह होते, आणि शर्यत नसे तेव्हा तो औषधे, कपडे, अन्न आपल्या गाडीत भरून एकटाच रुमानियाला आणि बोस्नियाला अनाथ मुलांसाठी घेऊन जाई. आयल ऑफ मॅन बेटावरील टीटी शर्यती त्याने २६ वेळा जिंकल्या. हा विक्रम २०२४ मध्ये त्याच्याच पुतण्याने, मायकेलने, मोडला. जोई २००० सालच्या जूनमध्ये, ४८ व्या वर्षी, तेथे तीन शर्यती जिंकला आणि लगेच पुढच्या महिन्यात एस्टोनियातील ताल्लिन येथे भर पावसात आघाडीवर असताना झाडावर आदळून मरण पावला. तारीख २ जुलैच होती. त्याच्या अंत्ययात्रेला सुमारे पन्नास हजार माणसे लोटली. उत्तरेची, दक्षिणेची, प्रॉटेस्टंट आणि कॅथलिक. पुष्कळजण मोटारसायकलींवरूनच आले.

या शर्यतींना आता कायद्यापेक्षा हिशेबाचे भय अधिक आहे. डंड्रॉडची अल्स्टर ग्रां प्री २०१९ नंतर कर्जाच्या ओझ्याखाली बंद पडली. फेब्रुवारी २०२३ मध्ये उत्तर आयर्लंडमधील मोटारसायकल संघाने विम्याचा हप्ता परवडत नाही म्हणून त्या वर्षीच्या सर्व शर्यती रद्द झाल्याचे जाहीर केले. तेव्हा चाहत्यांनी वर्गणी काढली. थोड्याच आठवड्यांत निर्णय फिरला आणि मे महिन्यात पोर्टस्टुअर्ट, कोलरेन आणि पोर्टरश या तीन गावांमधील रस्ता पुन्हा बंद करण्यात आला. कडेच्या भिंतींवर माणसे सकाळपासून जागा धरून बसली होती.