पडदा फुटला, संगणक शाबूत

लॅपटॉप हातातून निसटला, पडद्यावर तडे गेले आणि चित्राऐवजी काळा डाग व रंगीत रेघा दिसू लागल्या, की 'संगणक गेला' असे आपण म्हणून टाकतो. मग तो कपाटात जातो. त्यातील निकालपत्रके, प्रश्नपेढी, विद्यार्थ्यांचे प्रकल्प हेही गेले असेच आपण समजतो. वास्तविक यातले काहीच गेलेले नसते. संगणक आणि पडदा या दोन वेगळ्या वस्तू आहेत. हे पटण्यासाठी त्यांचा इतिहास थोडा मागे जाऊन पाहू या.

१८९७ मध्ये स्ट्रासबुर्ग येथे कार्ल फर्डिनांड ब्राऊन या भौतिकशास्त्रज्ञाने कॅथोड-किरण नळी बनवली. विद्युतप्रवाहातील झटपट बदल डोळ्यांना दिसावेत, एवढाच तिचा हेतू होता. पुढे याच नळीतून दूरचित्रवाणी आली. मात्र १९४० च्या दशकातील पहिल्या इलेक्ट्रॉनिक गणनयंत्रांना पडदा नव्हता. उत्तरे छिद्रांच्या कार्डांवर, दूरमुद्रकाच्या कागदावर किंवा दिव्यांच्या उघडझापीतून मिळत.

संगणकात ही नळी शिरली ती पडदा म्हणून नव्हे, स्मृती म्हणून! मँचेस्टर विद्यापीठात फ्रेडी विल्यम्स आणि टॉम किलबर्न यांनी नळीच्या काचेवर विद्युतभाराचे ठिपके उमटवून त्यांत अंक साठवले. ३२ ओळी आणि प्रत्येक ओळीत ३२ ठिपके, म्हणजे एकूण १०२४ द्विमान अंक. भार क्षणार्धात ओसरतो, म्हणून ठिपके सतत पुन्हा लिहावे लागत. ते वाचण्यासाठी काचेला बाहेरून धातूची पट्टी लावलेली असे. साहजिकच नळीचे तोंड झाकले जाई आणि आतले काही दिसत नसे. यावर त्यांनी साधा उपाय केला. तोच संदेश दुसऱ्या एका नळीला दिला. ही नळी काही साठवत नव्हती, फक्त दाखवत होती.

२१ जून १९४८ रोजी या यंत्राने २ चा १८ वा घात, म्हणजे २,६२,१४४ या संख्येचा तिच्याहून लहान असा सर्वांत मोठा विभाजक शोधला. त्याला ५२ मिनिटे लागली. १,३१,०७२ हे उत्तर त्या दुसऱ्या नळीवरच्या ठिपक्यांतून वाचले गेले. ती नळी मध्येच बंद पडली असती, तरी गणित थांबले नसते. ते फक्त आपल्याला दिसले नसते. आपल्या विषयाचे सारे मर्म येथेच आहे.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत र. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली बांधलेल्या संगणकातही हा भेद स्पष्ट दिसतो. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण केले. त्याची स्मृती चुंबकीय फेराइट कड्यांची होती, आणि आलेख व अक्षरे दाखवण्यासाठी कॅथोड-किरण नळी पूरक साधन म्हणून जोडलेली होती.

१९८१ मध्ये आय.बी.एम.चा 'पर्सनल कॉम्प्युटर' आला, तेव्हा मॉनिटर ही वेगळी वस्तू होती. पेटीत एक दृश्यपत्रिका बसवायची आणि तिला तारेने मॉनिटर जोडायचा. अक्षरे दाखवणाऱ्या साध्या पत्रिकेवर ४ किलोबाइट स्मृती असे. हा आकडा कुठून आला, हे विद्यार्थ्यांना काढायला सांगावे. पडद्यावर २५ ओळी, प्रत्येकीत ८० अक्षरे, म्हणजे २००० जागा. प्रत्येक जागेसाठी एक बाइट अक्षराचा आणि एक त्याच्या रूपाचा. चित्र प्रथम स्मृतीत अंकांच्या रूपात तयार होते आणि मग तारेतून पडद्याकडे जाते. ही रचना आजही टिकून आहे. आजच्या १९२० गुणिले १०८० ठिपक्यांच्या पडद्यासाठी, प्रत्येक ठिपक्याला ३ बाइट धरले, तर एका चित्राला सुमारे ६२ लाख बाइट लागतात, आणि सेकंदाला अशी ६० चित्रे पाठवावी लागतात.

याच सुमारास संगणक हातात उचलून नेण्याचे प्रयत्न सुरू झाले. १९८१ च्या 'ऑस्बोर्न १' चे वजन सुमारे ११ किलो होते आणि पडदा अवघा ५ इंची. त्यामुळे त्याला मोठा मॉनिटर बाहेरून जोडण्याची सोय ठेवलेली होती. १९८२ च्या 'ग्रिड कंपास' मध्ये सपाट पडदा झाकणात बसला आणि आजच्या लॅपटॉपचा आकार ठरला. पुढे द्रवस्फटिकांचे पडदे सुधारले, तरी बाहेरच्या मॉनिटरची जागा बहुतेक लॅपटॉपांवर राहिली. १९८७ ची १५ टाचण्यांची व्ही.जी.ए. जोडणी, २००२ ची एच.डी.एम.आय. आणि २०१४ ची यू.एस.बी.-सी ही त्याच सोयीची पुढची रूपे.

आता फुटलेल्या लॅपटॉपकडे वळू. चित्र तयार करणारी चिप खालच्या भागात, कळफलकाच्या आत असते. तिच्यापासून एक तार बिजागरीतून झाकणातल्या पडद्याकडे जाते आणि दुसरी वाट बाजूच्या खोबणीकडे. पहिल्या वाटेच्या टोकाची काच फुटली, तरी दुसरी मोकळीच असते.

तपासणी हा वर्गात करण्याजोगा छान प्रयोग आहे. पडदा नुसता काळा असेल, तर त्यावर तिरपा विजेरीचा झोत टाकावा. अंधुक चित्र दिसले, तर द्रवस्फटिक ठीक आहेत, मागचा प्रकाश गेला आहे. नंतर बाहेरचा मॉनिटर किंवा शाळेचा प्रोजेक्टर जोडावा. तेथे चित्र स्वच्छ आले, तर दोष पडद्यात किंवा त्याच्या तारेत आहे. त्याच रेघा तेथेही दिसल्या, तर दोष बहुधा चित्र बनवणाऱ्या भागात आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलून कारण शोधणे, ही प्रयोगशाळेतली रीतच येथे वापरायची आहे.

पुष्कळदा मॉनिटर जोडूनही त्यावर रिकामी पार्श्वभूमीच दिसते. याचेही कारण आहे. १९९४ पासून रूढ झालेल्या पद्धतीनुसार पडदा आपली ओळख आणि क्षमता संगणकाला कळवतो. काच फुटली तरी ओळख सांगणारी चिप शाबूत असू शकते. संगणकाला काच फुटल्याचे कळत नाही आणि तो खिडक्या फुटक्या पडद्यावरच उघडत राहतो. विंडोज ७ किंवा नंतरच्या प्रणालीत विंडोजची कळ दाबून पी दाबावे आणि 'फक्त दुसरा पडदा' हा पर्याय निवडावा. जुन्या यंत्रांत एफ.एन. कळ आणि पडद्याचे चित्र असलेली कळ एकत्र दाबावी लागते.

दोन सूचना. व्ही.जी.ए.चा संदेश सलग बदलणाऱ्या दाबाचा आणि एच.डी.एम.आय.चा अंकांचा, म्हणून एकाचे दुसऱ्यात रूपांतर करायला नुसती तार पुरत नाही, परिवर्तक लागतो. शिवाय प्रत्येक यू.एस.बी.-सी खोबणीतून चित्र येतेच असे नाही. आणि जुन्या पडद्यांमागील दिव्यांत पारा असतो व त्यांना शेकडो व्होल्टचा दाब लागतो, म्हणून मुलांना पडदा उघडू देऊ नये. तडे गेलेल्या काचेवर पारदर्शक चिकटपट्टी लावून झाकण मिटावे.

सर्वच उपकरणांत ही सोय नसते. कित्येक टॅब्लेट व मोबाइल फोनांतून चित्र बाहेर काढता येत नाही, आणि त्यांचा पडदा फुटला की आतली माहितीही अडकून पडते. म्हणून शाळेसाठी यंत्र घेताना बाहेर चित्र देणारी खोबण आहे का, हे आधी विचारावे. आणि भंगारात देण्यापूर्वी कपाटातला तो लॅपटॉप एकदा मॉनिटरला जोडून पाहावा. चालला तर प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात तो मेजावरचा संगणक म्हणून काही वर्षे काम देईल. नाहीच चालला, तर काय बिघडले आहे हे तरी विद्यार्थ्यांना समजेल.