पाइपाचं पाणी, माणसाचं पाणी

परवा ऑफिसात मजा झाली. टेस्टिंगसाठी लिहिलेल्या स्क्रिप्टनेच डेटाबेस बिघडवून ठेवला. प्रोग्रॅम ठणठणीत, परीक्षाच रोगट! आणि मला एकदम अकोटचे मामा आठवले.

मामांनी आयुष्यभर पाइप फिटिंगची कामं केली. एकदा अकोटच्या दक्षिणेला, पूर्णेच्या अंगाला, एका कारखान्यात स्टेनलेस स्टीलची लाइन टाकली. बोअरचं पाणी भरून टेस्ट घेतली. गेजचा काटा हलला नाही, पेढे वाटले गेले. कारखाना सुरू व्हायला तीन महिने लागले आणि तोवर ते पाणी पाइपातच राहिलं. सुरू केल्यावर वेल्डिंगच्या कडेला टाचणीएवढी भोकं! मामा आजही म्हणतात, "बाप्पा, ते पानी मानसं पेत होते, पन पाइपाले नाई चाललं."

आता थोडा इतिहास. पाइपात पाणी भरून दाब का द्यायचा, हवा का नाही? कारण पाणी फारसं दाबलं जात नाही. पाइप फुटला तर पाणी सांडतं, काटा खाली येतो, संपलं. दाबलेली हवा मात्र बॉम्बसारखी सुटते. वाफेच्या बाबतीत जगाने हे फार महागात शिकलं. २० मार्च १९०५ ला अमेरिकेत ब्रॉक्टन गावी एका बुटांच्या कारखान्याचा बॉयलर फुटला, ५८ माणसं गेली. त्या धड्यातून तिथल्या मेकॅनिकल इंजिनियरांच्या संस्थेने, म्हणजे एएसएमईने, १९१४ ची बॉयलर संहिता केली. पाइपांच्या संहितेचं काम १९२६ मध्ये सुरू झालं, पहिली आवृत्ती आली १९३५ मध्ये. आज कारखान्यांच्या पाइपांसाठी जी बी३१.३ संहिता वापरतात, तिचा ढोबळ नियम असा: डिझाइनच्या दीडपट दाब, किमान १० मिनिटं.

पण पाणी कोणतं? इथे गोची आहे. दाबाचे आकडे अगदी काटेकोर, आणि पाण्याने पाइपाचं नुकसान होऊ नये एवढंच संहिता सांगते. पाण्याची अक्कल माणसाला नुकसानीतूनच आली.

१९३४ मध्ये हॉलंडचे फॉन वोल्झोगेन क्यूर आणि फान देर फ्लुख्त यांनी दाखवलं, की हवा नसलेल्या मातीतले जिवाणूसुद्धा बिडाचे पाइप खातात. पुढे १९७६ मध्ये कोब्रिन नावाच्या अमेरिकन तज्ज्ञाने एक प्रकरण छापलं. स्टेनलेसच्या नव्या टाक्यांची टेस्ट विहिरीच्या पाण्याने झाली, पाणी काढलंच नाही, आणि वापराआधीच टाक्या गळायला लागल्या. म्हणजे आमच्या मामांचाच किस्सा की हो!

स्टेनलेसवर क्रोमियम ऑक्साइडचा अगदी पातळ पापुद्रा असतो. तो आहे म्हणून गंज नाही. पाण्यातलं क्लोराइड हा पापुद्रा नेमका एखाद्या ठिकाणी फोडतं आणि मग तिथेच खोल खड्डा पडत जातो. त्यातून तळाशी राहिलेलं पाणी आटून दहावा भाग उरलं, की क्लोराइड दसपट दाट! म्हणून स्टेनलेससाठी बरेच इंजिनियर लिटरला ५० मिलिग्रॅमची मर्यादा घालतात आणि टेस्ट झाली की लगेच पाणी काढून पाइप वाळवायला सांगतात. साधं लोखंड त्यामानाने सोशिक. समुद्रातल्या पाइपलाइनी तर औषधं घातलेल्या समुद्राच्याच पाण्याने तपासतात.

आता गंमत बघा (गंमत कसली!). आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, आयएस १०५०० मध्ये, क्लोराइडची इष्ट मर्यादा २५० आहे. दुसरा स्रोतच नसेल तर १००० पर्यंत चालवून घ्या म्हणतात. आणि अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांतली जवळपास ९०० गावं पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात आहेत. खाली शेकडो मीटर गाळ आणि त्यात खारं पाणी. ते पिकाला चालत नाही, डाळ शिजत नाही, मूत्रपिंडाच्या आजाराच्या तक्रारी वर्षानुवर्षं आहेत. उत्तरेला सातपुडा दिसतो, पण पायाखाली मीठ.

म्हणून अकोटकरांचा जीव वान धरणात अडकलेला. सातपुड्याच्या पायथ्याशी वारी भैरवगडजवळचं हे धरण. तिथून ८४ खेडी योजनेचं गोडं पाणी पाइपाने गावोगावी जातं. हे पाणी कुठे न्यायचं यावरून आंदोलनंही झाली आहेत. पाइप गळला की बाई पुन्हा खाऱ्या हातपंपावर. त्यामुळे पाइपाची परीक्षा ही इथे कागदावरची सही नसते.

त्या फजितीनंतर मामांनी नियमच केला. पाण्याचा रिपोर्ट पाहिल्याशिवाय टेस्ट नाही. खारपाणपट्ट्यात काम असलं की गोड्या पाण्याचा टँकर मागवायचा. एकदा मी सोबत होतो. टँकर आला तशा बाया गुंड-हंडे घेऊन धावल्या. सुपरवायझर ओरडला, कामाचं पाणी आहे म्हणून. मामा शांतपणे म्हणाले, "भरू दे त्याहीले आधी. पाइप उद्या भरू." एक दिवस काम लांबलं, बिलही कापलं गेलं.

माझ्या स्क्रिप्टची चूक तासाभरात सापडली. पण पाइपासाठी ५० चा आकडा कागदावर लिहून घेणारे आपण, त्याच गावातल्या माणसांना मात्र आहे ते पाणी प्या म्हणतो, ही चूक कोणी शोधायची?

असो. सोमवार आलाच.