अस्थिमज्जा प्रत्यारोपणानंतरचे मनःस्वास्थ्य

रक्ताचा कर्करोग, अप्लास्टिक ॲनिमिया, थॅलॅसिमिया अशा विकारांत रुग्णाची मज्जा तीव्र केमोथेरपीने वा किरणोपचाराने नष्ट करतात आणि दात्याच्या किंवा रुग्णाच्याच आधी साठवलेल्या मूलपेशी शिरेतून देतात. त्यानंतरची मनोवस्था आणि तिचा जगण्याशी असलेला संबंध येथे विचारात घेतला आहे.

इतिहास : ई. डॉनल टॉमस यांना या उपचारपद्धतीसाठी १९९० चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. भारतात १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी पहिले यशस्वी प्रत्यारोपण केले.

विलगीकरण : मूलपेशींची पिशवी साध्या रक्तासारखीच चढते, कठीण काळ त्यानंतरचा. गाळलेल्या हवेच्या खोलीत रुग्ण काही आठवडे काढतो. तोंड इतके येते की थुंकीही गिळवत नाही. सकाळी रक्तपेशींचे ‘काउंट’ किती आले, यावर घरच्यांचा अख्खा दिवस ठरतो. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी सलग तीन दिवस ५०० च्या वर राहिल्या, की मज्जा रुजली असे धरतात. उपचारांतल्या स्टिरॉइडनेही मन अस्थिर होते; त्यातून होणारी चिडचिड स्वभावावर ढकलणे अन्यायाचे आहे.

नैराश्य व आयुर्मान : काही अभ्यासांत नैराश्य असलेल्यांत मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले, काहींत संबंध दिसला नाही. थकवा, निद्रानाश, अन्नावरची वासना उडणे ही आजाराचीही लक्षणे असल्याने कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे वेगळे करणे अवघड जाते. म्हणून ‘मन खंबीर ठेव, वाचशील’ हे वाक्य जपून वापरावे. रोग उलटला तर रुग्ण स्वतःलाच दोषी मानतो. नैराश्यावर उपचार मात्र आयुर्मानाचा प्रश्न बाजूला ठेवूनही व्हायलाच हवेत. बॉस्टनमधील १६० रुग्णांच्या चाचणीत (२०१६) रुग्णालयात असतानाच उपशामक उपचारांचे पथक नियमित भेटत राहिले, तेव्हा नैराश्य कमी राहिले आणि जीवनमानाची घसरणही कमी झाली.

दीर्घकालीन स्थिती : शरीर आधी सावरते, मन मागाहून. सिअ‍ॅटलच्या पाहणीत (२००४) सर्व निकषांवर सावरलेले रुग्ण पहिल्या वर्षी १९ टक्के होते, पाचव्या वर्षी ६३ टक्के. दात्याच्या पेशींनी रुग्णाच्या शरीरावर केलेला दीर्घकालीन हल्ला हा सावरण्यातला मोठा अडथळा.

आप्त : जोडीदाराचा ताण रुग्णाइतकाच, कधी अधिक असतो, त्याची विचारपूस क्वचित होते.

दाता : रुग्ण दगावल्यास दाता भावंडाला अपराधी वाटू शकते, त्याचेही समुपदेशन करावे.